चुलीची तरतूद : गिरणगावातील घरांनी बेकारी कशी सोसली



आजच्या व्याख्यानाला मी एका साध्या प्रश्नाने आरंभ करतो. समजा, येत्या एक तारखेला आपल्या घरात पगार आला नाही. त्याच्या पुढच्या एक तारखेलाही आला नाही. तर आपली चूल किती दिवस पेटती राहील? ह्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने द्यावयाचे नाही. मनातल्या मनात द्यावयाचे आहे. पुष्कळांच्या मनात ह्या क्षणी आकडेमोड सुरू झाली असेल, आणि काहींना ती मध्येच थांबवावीशी वाटली असेल.

हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे असे आपण समजतो. मला तो इतिहासाचा वाटतो. लढाया, तह, ठराव आणि संप ह्यांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला. पण त्या काळात घरातल्या डब्यांत काय होते, आणि ते संपल्यावर काय झाले, ह्याचा इतिहास फारच थोडा लिहिला गेला. वस्तुतः आपल्या महाराष्ट्रात एक अशी वस्ती होऊन गेली, की जिने सव्वाशे वर्षे ह्या एकाच प्रश्नाशी झुंज दिली. ती वस्ती म्हणजे मुंबईचे गिरणगाव. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा, नायगाव आणि डिलाइल रोड ह्या भागांतील चाळींनी बेकारी एकदाच पाहिली असे नाही. ती त्यांच्याकडे पाहुण्यासारखी पुन्हा पुन्हा येत राहिली. त्या घरांनी तिची तयारी कशी केली, ती तयारी कोठे उपयोगी पडली आणि कोठे फसली, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

कणगीकडून वहीकडे

कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली, आणि १८५६ साली ताडदेव येथे ती गिरणी सुरू झाली. पुढील तीसचाळीस वर्षांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली, आणि रत्नागिरी व सातारा ह्या जिल्ह्यांतून, पुढे देशावरच्या इतर भागांतूनही, माणसे मुंबईकडे लोटली.

ही माणसे ज्या घरांतून आली त्या घरांत संकटाची तरतूद करण्याची एक जुनी रीत होती. सुगी झाली की धान्य कणगीत किंवा पेवात जावयाचे. त्यातले बियाण्याचे वेगळे काढावयाचे. बलुतेदारांचा वाटा द्यावयाचा. आणि उरलेल्यावर पुढची सुगी येईपर्यंत दिवस मोजावयाचे. ह्या रीतीला फार गौरवू नये. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने आणि पुढे १८९६ नंतरच्या दुष्काळांनी कित्येक कणग्या रिकाम्या केल्या. कोकणातल्या लहान शेतकऱ्याचा भात तर चांगल्या वर्षीही वर्षभर पुरत नसे. म्हणून तर त्याने मुंबईची वाट धरली. परंतु ह्या रीतीचे एक वैशिष्ट्य होते. किती शिल्लक आहे ते घरातल्या बाईला हात घालून कळत होते. कणगीत हात खोल गेला की ती सावध व्हावयाची आणि भाकरी लहान करावयाची.

मुंबईच्या खोलीत कणगी नव्हती. तिथे कणगीची जागा वाण्याच्या वहीने घेतली. कणगीत आपली शिल्लक दिसते. वहीत आपले देणे दिसते. आणि ते पुष्कळदा वाण्यालाच दिसते, कारण वाचता त्यालाच येत होते. शहरात आल्यावर घराच्या अर्थकारणात झालेला सर्वांत मोठा बदल कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी हाच सांगेन.

सहा आठवड्यांचे गणित

आता गिरणीत नव्याने लागलेल्या माणसाचे गणित मांडून पाहू. तो महिन्याच्या एक तारखेला कामावर उभा राहिला. महिनाभर त्याने काम केले. पगार महिन्याचा, पण तो महिना संपताच हाती पडत नव्हता. हिशेब होऊन पैसे मिळेपर्यंत पुढच्या महिन्याचा पंधरवडा उलटावयाचा. म्हणजे पहिला पैसा हाती येण्यापूर्वी त्याला सुमारे सहा आठवडे खावयाचे होते, राहावयाचे होते आणि गावी चार आणे पाठवता आले तर पाठवावयाचे होते. हे सर्व उधारीवर. ज्याला आपण काटकसरीचे धडे देतो, तो मनुष्य पहिला पगार घेण्याआधीच कर्जदार झालेला असावयाचा.

हे दुःख कामगारांनी फार लवकर ओळखले होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी आपणां सर्वांना ठाऊक आहे. ती १८९० साली मिळाली. परंतु त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, जिच्याकडे आपले लक्ष जात नाही : मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पगार वाढवा असे नव्हे. जो कमावला आहे तो वेळेवर द्या, एवढेच. ज्या माणसांनी ही मागणी केली त्यांना घराचे अर्थशास्त्र उत्तम कळत होते.

पगार लवकर देणे अशक्य होते काय? त्याचे उत्तर पुढे बारा वर्षांनी प्लेगने दिले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, आणि लोक हजारोंनी गावी पळाले. गिरण्यांना माणसे मिळेनात. तेव्हा जे मालक सहा आठवडे थांबवीत होते तेच रोजच्या रोज मजुरी देऊ लागले, आणि एकमेकांवर चढाओढ करून माणसे नेऊ लागले. साथ ओसरली आणि जुनी रीत परत आली. अखेर १९३६ च्या वेतन देण्यासंबंधीच्या कायद्याने असे ठरविले, की हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांनी महिना संपल्यापासून सात दिवसांच्या आत आणि मोठ्या कारखान्यांनी दहा दिवसांच्या आत पगार द्यावा. १८८४ ते १९३६ ही बावन्न वर्षे होतात. एवढ्या काळात किती घरांनी वाण्याला किती व्याज भरले असेल, ह्याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही.

कर्ज उधळपट्टीचे की मिळकतीचे?

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास हे त्या कचेरीचे प्रमुख होते, आणि त्यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुटुंबाची सरासरी मिळकत महिना सुमारे बावन्न रुपये निघाली. खर्चातला शेकडा ५७ च्या आसपास हिस्सा केवळ अन्नावर जात होता, आणि घरभाड्याचा हिस्सा शेकडा आठांच्या आत होता. शेकडा ४७ कुटुंबे सावकाराच्या देण्यात होती. देण्याची रक्कम साधारणपणे अडीच महिन्यांच्या मिळकतीइतकी, आणि व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा.

रुपयाला एक आणा हे ऐकावयास फार सौम्य वाटते. परंतु त्याचा वर्षाचा दर शेकडा ७५ होतो. अडीच महिन्यांची मिळकत म्हणजे १३० रुपये. त्यावर महिन्याचे व्याज १३० आणे, म्हणजे ८ रुपये २ आणे. एकूण मिळकतीच्या सहाव्या हिश्श्याच्या जवळपास हे व्याज जाते, आणि ते घरभाड्याहून दुपटीच्या घरात जाते. मुद्दल मात्र जागच्या जागी! ज्या घराचा अर्ध्याहून अधिक खर्च अन्नावर होतो, त्या घराने हे व्याज कशातून भरावयाचे? अन्नातूनच, दुसरे काय?

त्या काळातील सुधारक मंडळी म्हणत, की कामगार लग्नकार्यात आणि दारूत पैसा उडवितो म्हणून तो कर्जबाजारी आहे. ह्यात काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. लग्ने आणि दिवसकार्ये ह्यांपायी कर्जे होत होती, आणि दारूच्या गुत्त्यांना गिऱ्हाइकांची वाण नव्हती. परंतु १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनलाही, ज्यावर आपले नारायण मल्हार जोशी एक सभासद होते, असे आढळले की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत. एखादे घर कर्जात असले तर त्या घराचा स्वभाव तपासावा; तीनांपैकी दोन घरे कर्जात असली तर मिळकतीचे गणित तपासावयास हवे.

त्यातून नोकरी कायम असेलच असे नाही. मुकादमाच्या मर्जीवर काम. त्याला दस्तुरी द्यावयाची. आणि बदली कामगाराने तर रोज सकाळी फाटकाशी उभे राहावयाचे, कोणी गैरहजर असला तर आत, नाही तर घरी. बेकारी ही ह्या घरांना वर्षांतून एखादे वेळी येणारी आपत्ती नव्हती. ती आठवड्यातून दोनतीनदा भेटत होती.

घराचे पाच टेकू

अशा स्थितीत ही घरे टिकली कशी? पुस्तकात सापडणार नाही अशी एक व्यवस्था त्यांनी उभी केली होती. तिचे पाच टेकू मला दिसतात.

पहिला टेकू गाव. कामगार मुंबईत, आईबाप आणि पुष्कळदा बायकोमुले गावी. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि कोकणातल्या घरांचा तो वर्षानुवर्षे आधार झाला. आपण नेहमी म्हणतो की मुंबईने कोकण पोसले. हे खरे, पण त्याची दुसरी बाजू अशी, की मुंबईत काम गेले की हाच मनुष्य गावी जाऊन भाकरी खात होता. म्हणजे गावाने मुंबईच्या गिरणीमालकांचा बेकारी विम्याचा हप्ता भरला, आणि तोही कोणी न मागता.

दुसरा टेकू गावकीची खोली. एकाच गावच्या वीसपंचवीस माणसांनी एक खोली भाड्याने घ्यावयाची. पाळीनुसार कोणी कामावर, कोणी झोपलेला. वळकटी आणि पेटी एवढाच ज्याचा त्याचा संसार. भाडे वाटून येई, आणि ज्याचे काम सुटले त्याला लगेच बाहेर काढले जात नसे. नव्या माणसाला पहिले सहा आठवडे ह्या खोलीनेच पदराखाली घेतले.

तिसरा टेकू खानावळ. एखादी बाई, पुष्कळदा विधवा किंवा आजारी नवऱ्याची बायको, आपल्या खोलीत दहावीस माणसांचा स्वयंपाक करावयाची. पैसे पगारानंतर. म्हणजे कामगाराला ती उधार देत होती आणि स्वतः वाण्याकडून उधार घेत होती. गिरणगावातील पतपेढी कोणती असे विचाराल, तर ह्या बाईची चूल हेच उत्तर आहे.

चौथा टेकू भिशी. दहाबारा जणींनी किंवा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम टाकावयाची आणि चिठ्ठी निघेल त्याने सगळी उचलावयाची. व्याज नाही, कागद नाही. एखाद्या घरी आजार आला तर चिठ्ठी बाजूला ठेवून त्या घराला पाळी आधी द्यावयाची. सरकारने टपालखात्याची बचत बँक १८८२ साली उघडली होती आणि सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली केला होता, ना. म. जोशी ह्यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांत सहकारी पेढ्यांचे काम केले. परंतु अक्षरओळख नसलेल्या बाईला भिशीच जवळची वाटली, कारण तिचे सभासद एकाच गॅलरीत राहात होते.

पाचवा टेकू म्हणजे बाईचे अंगावरचे सोने, घरातली तांब्यापितळेची भांडी आणि तिच्या हातातले काम. काम गेल्यावर घरातून काय जाते ह्याचा एक क्रम ठरलेला होता : आधी मोठा हंडा, मग पाटल्या, मग डोरले. डोरले गहाण पडले की काळ्या पोतीवर भागवावयाचे. पुरुषाची बेकारी बाईच्या गळ्यात दिसत होती. शिवाय ती स्वतःही कमवीत होती. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. वाइंडिंग आणि रिळिंगची खाती त्यांच्याच हातांवर चालत. पुढे त्यांची संख्या घटत गेली, आणि त्याबरोबर घरातली दुसरी मिळकतही गेली. हे घटणे त्या वेळी फारसे कोणाला खुपले नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

१९२८ : टेकूंची परीक्षा

ह्या पाच टेकूंची पहिली मोठी परीक्षा १९२८ साली झाली. कमी माणसांत अधिक काम काढण्याची पद्धत गिरण्यांत येऊ लागली. दोन साचे चालविणाऱ्याने तीन चालवावे, त्रासन खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्या, अशी मागणी झाली. तिच्यातून नोकऱ्या जाणार हे उघड होते. २६ एप्रिलपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते.

पाच महिन्यांहून अधिक काळ ही घरे टिकली. संपसमितीने धान्यवाटप केले. परंतु तेवढ्यावर दीड लाख घरे तगली असे मानणे भाबडेपणाचे होईल. ह्या संपाचे महिने पाहा. एप्रिलअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे नांगरणीपासून कापणीच्या तोंडापर्यंतचा काळ. जो गावी गेला तो केवळ खाणारे तोंड म्हणून गेला नाही; शेताला हवे असलेले हात घेऊन गेला. मुंबईत खाणारी तोंडे कमी झाली, म्हणून मागे राहिलेल्यांना वाटपाचे धान्य पुरले. पहिला टेकू भक्कम होता, म्हणून बाकीचे उभे राहिले.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९२९ च्या एप्रिलमध्ये, दुसरा सार्वत्रिक संप झाला. तो मोडला. त्याची राजकीय कारणे इतिहासकार सांगतात आणि ती खरीच आहेत. मी त्यांत घराचे एक कारण घालीन. पहिल्या संपात गहाण पडलेले दागिने अजून सुटले नव्हते, वाण्याची वही अजून फिटली नव्हती. सहा महिन्यांत घर रिकामे होते. ते भरावयास सहा वर्षे लागतात. नेत्यांच्या हिशेबात हा फरक आला नाही.

चांगले दिवस, आणि त्यांत झिजलेले टेकू

स्वातंत्र्यानंतरच्या काळात कायदा घराच्या मदतीला आला. १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला. आजारपणात काही पैसे मिळू लागले. १९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला, आणि पहिल्याच यादीत कापडधंदा होता. १९५३ साली असे ठरले, की तात्पुरते काम बंद ठेवले तर ठरावीक काळ अर्धा पगार द्यावा, आणि नोकरकपात केली तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा. १९७२ साली ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. ज्या माणसाचा आजा रोज सकाळी फाटकाशी उभा राहात होता, त्याच्या नातवाला हे सर्व मिळाले. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ह्याच चांगल्या दिवसांत जुने टेकू नकळत झिजत होते. बायकोमुले मुंबईत आली. मुले इथल्या शाळांत गेली. गावच्या जमिनीच्या वाटण्या झाल्या, आणि हिश्श्याला आलेल्या तुकड्यावर एक घर भागेना. गिरण्यांतल्या स्त्रिया कमी होत गेल्या, आणि घर एका पगारावर आले. पगार कायमचा आहे असे वाटू लागले, म्हणून त्याच्या भरवशावर कर्जेही कायमची झाली.

एका टेकूचे तेवढे नूतनीकरण झाले, आणि ते बायकांनी केले. १९७४ च्या दीर्घ संपात खानावळवाल्या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले आणि त्यापायी त्या स्वतः कर्जात बुडाल्या. गोवा मुक्तिलढ्यात आणि नंतर कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव ह्यांनी हे पाहिले, आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली. खानावळवालीला राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. त्या बाईजवळ तारण म्हणून ठेवावयास काही नव्हते. होता तो तिच्या शेजारणीचा शब्द. एकीने दुसरीची हमी घ्यावयाची आणि बँकेने ती मानावयाची. रुपयाला एक आणा व्याजाची साखळी एका ठिकाणी तुटली, ती अशी.

१९८२ : टेकू का मोडले?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्ष गेले, दीड वर्ष गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कामगारांना पुन्हा गिरणीचे तोंड पाहावयास मिळाले नाही. संप योग्य होता की अयोग्य, दोष मालकांचा, सरकारचा की नेत्यांचा, हा वाद आजही होतो. पण आज आपला प्रश्न चुलीचा आहे.

१९२८ साली पाच महिने टिकलेली व्यवस्था १९८२ साली कशी कोसळली? कारणे तीन.

पहिले कारण काळाचे. टेकू चारसहा महिन्यांसाठी होते, दीड वर्षासाठी नव्हते. कायद्याने मिळणारी अर्ध्या पगाराची तरतूद संपाला लागू नव्हती.

दुसरे कारण गावाचे. कामगार गावी गेले, हे खरे. गावांनी धान्यही पाठविले. परंतु सबंध बिऱ्हाड मुंबईत असलेला मनुष्य गावी पाहुणा झाला होता. चार महिने भाऊ ठेवून घेतो. पाचव्या महिन्यात भावजयीच्या बोलण्यात फरक पडतो. ह्यात भावजयीचा दोष नाही. तिच्याही कणगीला तळ होता.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. एका घराची बेकारी चाळ सोसू शकते; सबंध चाळीची बेकारी चाळ सोसू शकत नाही. एकाचे काम सुटले तर भिशी त्याला पाळी आधी देते. दहाही जणांचे सुटले तर भिशी मोडते. वाणी एका घराला सहा महिने उधार देतो. शंभर घरांना दिले तर त्याचेच दुकान बंद होते. खानावळ, गावकीची खोली, शेजार, सगळ्यांचे तेच. हे टेकू पाच दिसत होते. पण त्यांतले चार एकाच जमिनीवर उभे होते, आणि ती जमीन म्हणजे गिरणीचा पगार. जमीन खचली तेव्हा चारही एकदम गेले.

मग घरांनी जे केले ते आपण जाणता. कोणी भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी रखवालदार झाले. बायका धुणीभांडी आणि पोळ्या करू लागल्या. पुष्कळ मुलांची शाळा सुटली. जयंत पवार ह्यांच्या ‘अधांतर’ नाटकात अशा घराचे चित्र आले आहे. तथापि, काही घरे सावरली, आणि त्या घरांत एक गोष्ट समान आढळते : एक तरी मिळकत गिरणीबाहेरची होती. एखादी बाई शाळेत शिपाईण होती, एखादा मुलगा पोस्टात होता, कोणाची मुलगी इस्पितळात परिचारिका होती. पगार लहान असेल. पण तो वेगळ्या छपराखालून येत होता.

आपल्यासाठी काय?

मला ठाऊक आहे, की समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना गिरणी ठाऊक नाही. आपण कचेरीत, कारखान्यात, बँकेत, संगणकाच्या कंपनीत जाता. परंतु २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा काय झाले ते आठवा. १८९६ च्या प्लेगात जी वाट लोकांनी धरली तीच वाट, सव्वाशे वर्षांनी, लाखो लोकांनी पायी धरली. आणि जे पायी गेले नाहीत, ते आपापल्या घरांत बसून हप्त्यांचे गणित करीत होते. वाण्याची वही गेली. तिच्या जागी बँकेचा हप्ता आला. फरक इतकाच, की वाणी तोंड ओळखीत होता.

इतिहास उपदेश करीत नाही. पण विचारल्यास उत्तर देतो. गिरणगावाला विचारले तर तो चार गोष्टी सांगेल असे मला वाटते.

पहिली : शिल्लक महिन्यांत मोजा, रुपयांत नव्हे. लाख रुपये म्हणजे किती, हे सांगता येत नाही. आपल्या घराचे किती महिने, हे सांगता येते. त्यात खावयाचे, राहावयाचे, औषधाचे आणि मुलांच्या शाळेचे एवढेच धरा. आणि आधी देणे कमी करा. रुपयाला एक आणा व्याजाने घेतलेल्या कर्जासमोर कोणतीही बचत टिकत नाही; हे १९२३ साली जितके खरे होते तितकेच आजही आहे.

दुसरी : सगळे टेकू एका जमिनीवर उभे करू नका. नवराबायको एकाच कंपनीत, बचत त्याच कंपनीच्या भागांत, घर त्याच कंपनीच्या कर्जावर, अशी रचना ही गिरणगावच्या चाळीसारखीच आहे. केवळ फरशी गुळगुळीत.

तिसरी : घरातल्या बाईला हिशेब ठाऊक असू द्या, आणि वाईट बातमी पहिल्याच दिवशी घरात सांगा. डबा घेऊन रोज बाहेर पडणारा आणि दिवसभर बागेत बसणारा बेकार मनुष्य हा मध्यमवर्गाचा शोध आहे. चाळीत ते जमण्यासारखे नव्हते. भोंगा सर्वांनाच ऐकू येत होता. तेथे भाकरी पहिल्या दिवसापासून लहान झाली, म्हणून ती अधिक दिवस पुरली. लाज ही फार महाग वस्तू आहे; तिच्यावर पहिले दोन महिने खर्च होतात.

चौथी : घराच्या तरतुदीला मर्यादा आहे हे विसरू नका. लोखंड्यांच्या अर्जावर साडेपाच हजार माणसांनी सह्या केल्या त्या कोणी एकट्याने काटकसर करावी म्हणून नव्हे. वेळेवर पगार, आजारपणातला आधार, नोकरी जाताना भरपाई, ह्या गोष्टी कोणत्याही गृहिणीला डब्यात साठविता येत नाहीत. त्या चारचौघांनी मिळून मागाव्या लागतात आणि मिळाल्यावर राखाव्या लागतात. ज्या पिढीला ह्या गोष्टी आयत्या मिळाल्या, ती त्यांची किंमत विसरते. आणि मग करारावरची नोकरी घेताना कागदावर काय लिहिले नाही ते वाचावयाचे तिला सुचत नाही.

मी आरंभी विचारलेला प्रश्न आपल्याजवळच ठेवून जातो. घरी गेल्यावर आज रात्री, जेवणे झाल्यावर, तो एकदा घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने विचारा. उत्तर सहा आठवडे आले तर घाबरू नका. गिरणगावाने आरंभ तेवढ्यावरच केला होता, आणि तोही उधारीच्या सहा आठवड्यांवर. मात्र उत्तर येण्याआधीच कोणी विषय बदलला, तर चिंता करा. कारण कणगीत हात घालावयाची भीती वाटू लागली, की ती बहुधा रिकामी असते.